गुरुजींच्या भुवया

परभणी जिल्ह्यात चुकलेल्या उत्तरावर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी. शाळेचं गाव बोरीजवळ आणि बोरीत माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे शाळा सुटली की त्यांची स्कूटर माझ्या दारात आलीच म्हणून समजा. इतर शिक्षक दुकानात आले की महागाई भत्त्यावर बोलतात. हे काउंटरवर पोरांचे पेपर पसरतात, एखाद्या चुकीवर बोट ठेवतात आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना मला ती वाचून दाखवतात. एकदा ‘वेगळा शब्द ओळखा’ म्हणून गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी असे पर्याय होते. एका पोरानं शेळीवर खूण केली होती. गुरुजींनी विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘बाकीचे घरी हायत, शेळी इकली.’’ हे सांगताना साडू इतके हसले की चष्मा झेरॉक्स मशीनवर पडला. मग चष्मा पुसता पुसता उठले आणि त्या पोराच्या घरी चक्कर मारून येतो म्हणून चहा न पिताच निघून गेले.

हसले तरी मार्क मात्र देणार नाहीत. शेळीला शून्य म्हणजे शून्य. पोराला वेगळं शाबासकीचं पेपरमिंट मिळायचं, पण पेपरावर लाल फुली ठळक. या बाबतीत आमचे साडू म्हणजे अगदी सावकाराच्या वरताण.

त्यांची खरी तऱ्हा दिसायची ती सरकारी चाचणीच्या दिवशी. एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं की पोरं पेपर सोडवताना पर्यायांवर एकेक बोट ठेवतात आणि हळूच गुरुजींच्या तोंडाकडे बघतात. बरोबर पर्यायावर बोट आलं की गुरुजींच्या भुवया आपोआप वर जायच्या. भुवयाही साध्यासुध्या नव्हत्या, कपाळावर दोन झाडण्या आडव्या ठेवल्यासारख्या, मागच्या रांगेतूनही स्पष्ट दिसायच्या. दुसरा कुणी असता तर त्यानं या देणगीचा फायदा घेतला असता. आमच्या साडूंनी टॉवेल आणला. त्या दिवसापासून चाचणी सुरू झाली की हे खुर्चीत बसून तोंडावर टॉवेल घ्यायचे आणि आतून ‘‘शेजाऱ्याच्या पेपरात बघू नका रे’’ असं बजावत राहायचे. नेमके एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांना वाटलं, गुरुजी भर परीक्षेत झोपलेत. ते ओरडणार तेवढ्यात पहिल्या रांगेतली आरती उभी राहिली. ‘‘झोपले न्हाईत साहेब. त्यांच्या तोंडावर उत्तर दिसायलंय, म्हनून झाकलंय.’’ साहेबांनी टॉवेल उचलून पाहिला. आतून दोन टक्क उघडे डोळे आणि त्या भुवया. साहेबांनी टॉवेल होता तसा परत ठेवला, पण नोटीस द्यायला विसरले नाहीत.

त्याच चाचणीत तो एसटीचा प्रश्न होता. बसमध्ये चाळीस आसने आहेत, बावन्न प्रवासी चढले, तर किती प्रवाशांना जागा मिळणार नाही? सगळ्या वर्गाचं गणित बरोबर आलं. एकट्या आरतीनं लिहिलं, ‘सगळे बसतात.’ तिनं जिंतूरच्या बाजाराला जाणारी बस पाहिली होती, त्यात तिचा काय दोष? साडूंनी तो पेपर आठवडाभर खिशात घालून अख्ख्या बोरीला दाखवला. आणि शून्य दिलं.

अशा हिशेबानं त्यांच्या शाळेचा निकाल केंद्रात दरवर्षी शेवटचा. माझ्या दुकानात उत्तरांच्या प्रती कोण कोण काढून नेतं, ते मी सांगणार नाही, धंदा आहे. पण मी साडूंना एकदा म्हणालो, ‘‘गुरुजी, वर्षातून एक दिवस हलल्या भुवया तर काय बिघडतं?’’ ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘साडूभाऊ, खोटे मार्क पडले तर पोराला काय येत न्हाई, ते मला कळणार कसं? मग मी शिकवू काय?’’ आणि खरोखरच चाचणीनंतर ते एकेका चुकीमागं लागायचे. उन्हाळ्यापर्यंत ती पोरं घडाघडा वाचायची, गणितं करायची. पण तोवर निकाल वर जाऊन पोचलेला असायचा, आणि गावाला दिसायचा तो तेवढाच.

शेवटी गाव बेजार झालं. शाळेच्या पटांगणात पालकांची बैठक बसली. आरतीचे वडीलच सगळ्यात तापले होते. ‘‘शेजारच्या गावचा निकाल बघा आन् आपला बघा. आमी पोरं काढतो, इंग्रजी शाळेची व्हॅन दारात यायलीय.’’ बऱ्याच माना हलल्या. मी मागे उभा होतो. मला वाटलं, आता गुरुजी टॉवेलाची सगळी कथा सांगतील. ते उठले आणि एवढंच म्हणाले, ‘‘पोरं काढू नका. पोरं गेली तर शाळा बंद पडंल. राग माझ्यावर हाय ना? मी बदली मागतो.’’ आणि त्यांनी खरंच मागितली. त्या माणसाचा मला त्या दिवशी भयंकर राग आला, आणि इतका अभिमानही दुसऱ्या कुणाचा कधी वाटला नाही.

आता ते गंगाखेडच्या पलीकडे असतात. दिवाळीला सासुरवाडीत भेट होते तेवढीच. इथली शाळा भरलेली आहे, निकालही चांगला लागतो. माझं काउंटर मात्र संध्याकाळी फार मोकळं वाटतं.

परवा चारठाण्याला निघालो होतो. बस खच्चून भरलेली. मी दांड्याला लोंबकळत होतो, तर बाकावरून एक मुलगी सरकली. दोघींच्या बाकावर त्या आधीच तिघी होत्या. मोठी झालीय, हायस्कूलचा गणवेश होता, पण मी आरतीला ओळखलं.

‘‘या काका,’’ ती म्हणाली, ‘‘सगळे बसतात.’’

मी अर्धा बाकावर, अर्धा हवेत टेकलो. तिनं विचारलं, ‘‘गुरुजी कसे हायत?’’ म्हटलं, हिलाच फोन जोडून द्यावा, तिकडे भुवया कपाळावर चढतील. पण मोबाइल पँटच्या खिशात होता, आणि खिशात हात घालायला जागा नव्हती.