मुरुमभर चैतालीचे डोळे

मुरुमच्या बसस्थानकासमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि मधल्या पत्र्यापलीकडं प्रसेनजितचा फोटो स्टुडिओ. तो शिंकला तरी मला ऐकू येतं. म्हणजे शिंकला तरच, कारण एरवी त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. मी धुळाप्पा, बोलून बोलून गिऱ्हाइकाचं डोकं खाणारा. पण त्या मुक्या पोराशी माझं पंधरा वर्षं जमलं. त्याची गोष्ट तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. शिवाय ती माझ्या डोक्यातून जातही नाही.

टाळेबंदीत लग्नं थांबली, तेव्हा प्रसेनजित मोबाइलवर व्हिडिओ बघून एक नवीन काम शिकला. माणसाचा फोटो संगणकावर घ्यायचा, त्यावर माऊसनं कडा ओढायच्या, गालाला दोन रंग, केसांना दोन रंग भरायचे आणि मागं एखादा भडक गोल टाकायचा. ते चित्र फोनवर नावाशेजारी लावायचं. गावात त्याला कार्टून डीपी म्हणतात. आधी कॉलेजच्या पोरांनी करून घेतले, मग बचत गटाच्या बायकांनी, मग किराणावाल्या लिंबाजीनंसुद्धा. मलाही त्यानं एक करून दिला. त्यात माझी पांढरी मिशी काळी केली होती. मी काही तक्रार केली नाही.

मागच्या दिवाळीत शिलाईच्या गर्दीत माझं लक्ष गेलं. बायकांच्या ब्लाउजांचा माझा एक ग्रुप आहे, त्यात तीसेक जणी. त्यांची चित्रं एकाखाली एक बघताना मला काहीतरी खटकलं. नाकं वेगळी, कुंकवं वेगळी, पण बघणं सगळ्यांचं एकच. मी माझंच चित्र मोठं करून बघितलं. काळ्या मिशीच्या वर तेच डोळे होते.

मी तरातरा पत्र्यापलीकडं गेलो. "अरे, समद्या गावाला एकच डोळे लावतोस व्हय? आळशी कुठला."

त्यानं माऊसवरचा हात काढला. मग म्हणाला, "चैतालीचे हायत, मामा."

चैताली म्हणजे त्याची धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी, सहावीत असताना, तापानं तीन दिवसांत गेली. मी तिचे दोन फ्रॉक शिवले होते. माझा राग जागच्या जागी विरला.

"लोकांच्या फोटोत डोळे नीट नसत्यात," तो म्हणाला. "कुणाचे मिटलेले, कुणाचे गॉगलमागं. तिचे लावले की चित्र जिवंत होतंय. आन तिला तरी कुठं फिरायला मिळालं. आता गावभर फिरती."

मी परत येऊन मशीनवर बसलो, पण त्या दिवसापासून मला फोनची भीती बसली. भर दुपारी लिंबाजीचा फोन यायचा, तेल आलंय म्हणून सांगायला. साठीचा माणूस, आवाज फाटका, आणि पडद्यावर सहावीतल्या पोरीचे डोळे. एकदा ग्रुपवर सगळ्याजणी एका लग्नाच्या ब्लाउजवरून भांडत होत्या. निरोपामागून निरोप येत होते आणि प्रत्येक निरोपाशेजारून चैताली माझ्याकडं बघत होती. मी फोन कापडाच्या गठ्ठ्याखाली सारला. माझं स्वतःचं चित्र तेव्हाच काढून टाकलं. आता माझ्या नावाशेजारी शिलाई मशीन आहे.

या श्रावणात प्रसेनजितची आई, भिमाबाई, स्टुडिओत आल्या. त्या रोजानं खुरपायला जातात, दुकानात पाय टाकत नाहीत. आल्या आणि कमरेचा बटवा माझ्यासमोरच काउंटरवर उघडला. चैतालीचा एकच फोटो होता त्यांच्याकडं, शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला. बाकीच्या प्रती फॉर्मबरोबर गेल्या. अकरा वर्षं तो फोटो बटव्यात होता. पावसात बटवा भिजला, फोटो गोळ्यांच्या पाकिटाला चिकटला आणि सोडवताना चेहरा निघून आला. कागदावर गणवेशाची कॉलर आणि एक वेणी तेवढी उरली होती.

"क्षमानं मला फोन दिलाय," भिमाबाई म्हणाल्या. क्षमा ही त्यांची थोरली, सोलापुरात असते. "तू समद्यांच्या फोनात माणसं बसवतोस. माझी पोरगी बसव. तिच्या तोंडाबिगर मला दीस जात न्हाय."

मी प्रसेनजितकडं बघितलं. त्याच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा आनंद बघितला. "हाय की, आई," तो म्हणाला. "पहिलं चित्र म्या तिचंच केलं होतं. तुला दाखवायचा धीर झाला न्हाय."

त्यानं ते उघडलं. पिवळा गोल, लाल रिबिनी, सावळे गाल. इतकं देखणं चित्र त्यानं गावात दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही. भिमाबाई पडद्याजवळ वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी एका डोळ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो डोळा तिचा हाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठाय?"

"दोन्ही तिचेच हायत की."

"न्हाय. तिचा उजवा बारीक होता. हसली की मिटूनच जायचा. तू इसरलास, बाळा?"

प्रसेनजित पडद्यावरच्या उजव्या डोळ्याकडं बघायला लागला. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्या डोळ्यावरून शाळेत पोरं तिला चिडवायची. निदान चित्रात तरी तिला कुणी हसू नये, म्हणून त्यानं डावा डोळा रेखला, त्याचीच उलटी प्रत काढून उजवीकडं बसवली. खालचा मूळ फोटो, तोच फॉर्मचा, रंगाखाली गेला, सगळे थर एक केले आणि फोटोच्याच नावानं जपून ठेवले, त्यामुळं संगणकातला फोटो पुसला गेला. चार वर्षं झाली त्याला. चार वर्षं तो रोज तेच चित्र उघडत होता, तिथून डोळे उचलत होता, आणि उजवा कसा होता हे त्याच्या मनातूनच गेलं होतं.

नंतरचे आठ दिवस पत्र्यापलीकडून कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. जुन्या सीड्या, पेनड्राइव्ह, बिघडलेल्या संगणकाचे भाग, सगळं त्यानं पालथं घातलं. शाळेत गेला. तेवढे जुने फॉर्म आता कुणाकडं नव्हते. फोटो कुठंच नव्हता. मग तो आईला शेजारी बसवून उजवा डोळा नव्यानं काढू लागला. पापणी खाली घेतली, वर घेतली, कोपरा आखूड केला. प्रत्येक वेळी भिमाबाई मान हलवायच्या. "असा न्हाय." कसा, ते त्यांना सांगता येत नव्हतं. सांगता सांगता त्याच घाबऱ्या व्हायच्या. मला वाटतं, इतके डोळे बघून खरा डोळा त्यांच्याही हातून निसटायला लागला होता. मला तर तो मुळीच आठवत नव्हता, आणि फ्रॉकची मापं घेताना ती माझ्यापुढं हातभर अंतरावर उभी असायची.

नवव्या दिवशी त्यांनी मुलाचा माऊसवरचा हात धरला. "पुरं कर आता," त्या म्हणाल्या. "आजून एक काढलास तर हाय ती बी जाईल."

प्रसेनजितनं पहिलंच चित्र त्यांच्या फोनवर टाकलं. भिमाबाईंनी फोन हातात घेतला, अंगठ्यानं उजव्या डोळ्याकडचा अर्धा चेहरा झाकला आणि उरलेल्या अर्ध्याकडं बघत राहिल्या.

"एवढी हाय," त्या म्हणाल्या. "एवढीच दे."