दहा मुलांचा चौरस

गणिताच्या बाईंना शाळेत सगळे ‘कातरबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ठाऊक होतं. चुकीचं वाक्य कानावर पडलं की त्या ते मध्येच कापत. मग बोलणारा विद्यार्थी असो नाहीतर सख्खा दीर.

सहामाहीचे पेपर वाटले त्या दिवशी शिंप्याची लेक रडवेल्या तोंडाने त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. पेपर दुसऱ्या सरांनी तपासला होता. प्रश्न होता, ‘सम संख्येचे वर्गमूळ समच असते. चूक की बरोबर?’ पोरीने ‘चूक’ लिहिलं होतं, आणि त्यावर लाल फुली.

“चूक का लिहिलंस गं?”

“बाई, दहा सम आहे. पण त्याचं वर्गमूळ तीन आणि चारच्या मध्येच कुठेतरी येतं. ते समही नाही, विषमही नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

“अहो, उत्तरसूचीत ‘बरोबर’ छापलंय,” मुख्याध्यापक म्हणाले. “बाकी अख्ख्या वर्गाने तेच लिहिलंय. त्यांचा गुण कापला तर पालक माझ्या उरावर बसतील.”

“म्हणजे सगळे मिळून चुकले की ते बरोबर?”

बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी पालक खरंच आले. सगळ्यांत पुढे बेकरीवाला. “आमच्या पोरांचे गुण काढायला निघालात होय?”

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पालकांसमोरच वर्ग मैदानात आणला. पंचवीस मुलं पाच-पाचच्या रांगांत उभी केली. “जोड्या करा!” एक जण एकटा राहिला. “बाजू विषम, वर्गही विषम.” मग सोळा जण चार-चारच्या रांगांत. सगळ्यांना जोडीदार मिळाला. “बाजू सम, वर्गही सम. इथवर ठीक?” त्यांनी दहा मुलं बाजूला काढली. “आता तुम्ही यांचा चौरस करा.”

बेकरीवाल्याने तीन-तीनच्या रांगा लावल्या, एक उरला. चार-चारच्या लावायला गेला, तर पोरं कमी पडली. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

“नाही होत हो,” तो घाम पुसत म्हणाला.

“मग याची बाजू सम आहे असं कोणत्या तोंडाने शिकवू? सोळा, छत्तीस असे पूर्ण वर्ग घेतले तर ते वाक्य खरं. नुसतं ‘सम संख्या’ म्हटलं की खोटं!”

मुख्याध्यापकांनी शिंप्याच्या लेकीला गुण दिला. बाकीच्यांचाही तसाच ठेवला.

संध्याकाळी बाईंनी ओट्यावर पातेलं आदळलं. नवरा म्हणाला, “मिळाला ना गुण? मग आता कशाला धुसफुसतेस?”

“चुकलेल्यालाही गुण आणि बरोबर लिहिणारीलाही गुण! वर ती उत्तरसूची आहे तशीच. पुढच्या वर्षी पुन्हा तिच्यावरूनच तपासणार!” त्यांनी गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या. “मुख्याध्यापक आता घरीच असतील ना?”