वाजवणाऱ्याचं पान

"अरे, तू त्यांच्यात कुठे बसतोस? तू किचनमध्येच घे ना. तुमच्याकडे बँडवाले मागाहूनच जेवतात ना?"

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाची दिवाळी. साल दोन हजार चार. बोलणाऱ्या काकू मंडळाच्या सेक्रेटरी. हसून बोलल्या. महिन्यापूर्वी त्यांनीच माझं आडनाव, गाव विचारलं होतं. वडिलांची लग्नातली बँडपार्टी मीच कौतुकानं सांगितली. मूर्खच मी.

आमचा बँड स्विंगचा, म्हणजे जुन्या अमेरिकन नाचगाण्यांचा. सगळे रिटायर्ड गोरे. ट्रंपेटला मी, एकटा देशी. अर्धा कार्यक्रम वाजवून जेवणाची सुट्टी झाली. गोऱ्यांना पुढचं टेबल. मला किचन.

आणि मी गेलो. कुणी ढकललं नाही. पायच वळले. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत वाजवायचं, मग मांडवामागे बसून आपण खायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. प्रोग्रॅमर झालो, विमानात बसलो, तरी पाय तेच. खरकट्या पातेल्यांजवळ उभ्यानं पुरी खात होतो. राग नाही, काही नाही. नुसता बधिर.

पीटर शोधत आला. आमचा क्लॅरिनेटवाला, मूळ हॉलंडचा, ऐंशीचा म्हातारा.

"इथे का खातोस?"

"आमच्याकडे पद्धत आहे."

तो ओट्याला टेकला, सांगू लागला. महायुद्धात त्याच्या गावावर जर्मनांचा ताबा होता. हा एकोणीस वर्षांचा, हॉटेलच्या बँडमध्ये. अमेरिकन गाण्यांवर बंदी, म्हणून कागदावर नावं बदलून तीच गाणी वाजवायची. जर्मन अधिकारी जेवायचे, टाळ्या वाजवायचे. बँडनं खायचं किचनमध्ये. शत्रूपुढे वाजवतो म्हणून सख्खी बहीण त्याच्याशी बोलेनाशी झाली.

"त्यांच्या कमरेला पिस्तुलं होती," पीटर म्हणाला. "म्हणून मी किचनमध्ये खाल्लं. या बाईकडे काय आहे?"

कप्पाळ! काहीच नव्हतं तिच्याकडे.

ताट उचललं. बाहेर येऊन अध्यक्षांच्या शेजारी बसलो. काकू धावत आल्या.

"अरे, लोक डान्ससाठी थांबलेत! सुरू करा ना!"

"जेवतोय, काकू."

सावकाश जेवलो. मठ्ठा मागून घेतला. फार बरं वाटलं, असंही नाही.

मंडळानं पुन्हा बोलावलं नाही. बाकी बोलावणाऱ्यांना मी आधीच सांगतो. पहिल्या पंगतीत बसेन, सगळ्यांसमोर जेवेन, मग वाजवीन. वडिलांनाही फोनवर तेच सांगितलं. ते घाबरले. "अशानं कोण बोलावंल रं?"

नका बोलावू. मांडवामागे मी आता जेवणार नाही.