मधला खांब

पहाटे साडेचारला सुतारकाकांचा दिवस सुरू होई. लाकडी सांगाड्याचं जुनं शेतघर आता गावाचं सभागृह होतं. त्याची देखभाल काकांकडे होती; वर्षातून एकदा तिथला एकेक खांब ते हातोडीने ठोकून ऐकत. त्या दिवशी मधला खांब पोकळ वाजला. पटाशी लावली, तर आत नुसता भुसा. दहा वर्षांपूर्वी शोभेसाठी त्यांनीच त्याला बुडापर्यंत तैलरंग फासला होता. ओल आतच कोंडली आणि लाकूड कुजलं होतं.

त्यांनी दाराला कुलूप घातलं. धाकटा भाऊ धावत आला.

"दादा, उद्या माझ्या पोरीचं लग्न आहे इथे! एक दिवस नाही का धरणार तो खांब? तुझ्या डोक्यापेक्षा तरी मजबूत आहे!"

"आतून भुसा झालाय रे. माझ्याच हाताने."

लग्न अंगणात, भर उन्हात उरकलं. भावाने बोलणंच टाकलं. काकांच्या वर्षभराच्या मजुरीतून अखेर सभागृहाला नवा खांब आला.