चार बोटं उंचीची अक्षरं

मुलांनो, आपल्या बिबवेवाडीच्या सोसायटीचा फळा लिहिणारे काका गेल्या आठवड्यात गेले. सुट्टीत आलात की त्यांच्या सूचना वाचून तुम्ही हसायचात, म्हणून हे लिहिते आहे.

"पाणी सहा ते सात. नंतर उठणाऱ्यांनी कोरडेच राहावे," असं ते चार बोटं उंच अक्षरांत लिहीत. पुढे अक्षरं बारीक होत गेली. "अहो, खडू महाग झाला का?" असं मीच त्यांना विचारलं होतं. तो पार्किन्सन्स होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या एका जनुकात जन्मापासूनच बिघाड आहे. त्यामुळे मेंदूतल्या काही पेशींना आपला कचरा काढता येत नाही आणि त्या हळूहळू मरतात. तो बिघाड मुलीतही आलेला असू शकतो. आयटीत काम करणारी त्यांची मुलगी तपासणीला तयार नव्हती. "बाबा, कळून करायचंय काय?"

त्यानंतर दर रविवारी ते तिलाच सूचना लिहायला लावत. ती वर गेली, की आपली थरथरती चार बोटं तिच्या अक्षरांना लावून बघत. एकदा मी ते पाहिलं. "तिला सांगू नका," एवढंच म्हणाले.

आज तिने पाण्याची सूचना लिहिली. ती गेल्यावर मी बोटं लावून पाहिली. अक्षरं अजून चार बोटं आहेत.