माझ्यापुरता कागदी कप

प्याला ओळीनं येत होता. दोन कानांचा, चकचकीत. ज्यानं त्यानं घोट घ्यायचा, सरांनी फडक्यानं कडा पुसायची, पुढच्याला द्यायचा. माझ्याआधी माझा मुलगा प्यायला. मी हात पुढं केले. सरांनी प्याला माझ्या डोक्यावरून पलीकडं नेला. मग मागच्या टेबलावरून एक कागदी कप आणून माझ्या हातात दिला. तळाला घोटभर द्राक्षरस.

"काका, तुम्हाला हा. आत्ताच टॉयलेट साफ करून आलात ना. हायजीन हो, दुसरं काही नाही."

साबणानं दोनदा हात धुऊन आलो होतो मी.

हे स्टुटगार्टात घडलं. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकरी, एकच प्याला वाटून घ्यायचा तेव्हा. समोर भिंतीवर प्रोजेक्टरनं मोठी अक्षरं पाडलेली: 'ख्रिस्त आपल्या सहभागितेच्या केंद्रस्थानी'. मी तिसरी शिकलेला माणूस. तेवढं मला वाचता येतं.

आमची ही मराठी सहभागिता, म्हणजे इथल्या मराठी ख्रिस्ती लोकांची मंडळी, एका जर्मन चर्चच्या तळघरातल्या हॉलात भरते. हॉल फुकट, पण अट आहे. वापरणाऱ्यांनी झाडायचं, संडास घासायचे. त्याचा तक्ता दारामागं लावलेला, त्याला सगळे पुत्सप्लान म्हणतात. पाळीपाळीनं एकेक घर. पहिल्याच महिन्यात कुणाची तरी मीटिंग आली. मी म्हटलं, मी करतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मी संडास धुतला तर काय बिघडलं? तिथं चुकलो. पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची पाठ दुखायला लागली. मग तक्त्यावर ओळीनं माझंच नाव. सर हसत म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! काकांना सवय आहे. मिशन दवाखान्यात तेच करायचे ना?"

करायचो. चौतीस वर्षं. लपवलं कधी नाही.

सर म्हणजे आमच्या सहभागितेचे प्रमुख. माझा मुलगा ज्या कंपनीत आहे तिथंच त्याच्या वरचे साहेब. पणजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले, हे ते दर ओळखीत सांगतात. आम्ही महारवाड्यातून झालो, हे मला कुणी विचारत नाही. आडनावावरून कळतं त्यांना.

आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी असायची. बाहेर, वळचणीला. कान तुटलेली. आपणच घ्यायची, आपणच विसळून पालथी ठेवायची. माझ्या बापानं ती कपबशी एक दिवस तिथंच ठेवली आणि परत त्या हॉटेलाची पायरी चढला नाही. आजा ख्रिस्ती झाला तो कशापायी? उपदेश त्याला फार कळला नसेल. पण चर्चमध्ये गोरा साहेब ज्या प्याल्याला तोंड लावायचा, त्यालाच आजानं तोंड लावलं. त्या एका घोटासाठी आमचं घर ख्रिस्ती आहे.

आणि तीच वळचणीची कपबशी माझ्या हातात आली. कागदाची. जर्मनीत.

मुलगा कानात म्हणाला, "आबा, घ्या ना. सीन नको."

मी उठलो. गुडघे दुखतात, तरी उठलो. कप प्रभूच्या टेबलावर, भाकरीच्या ताटाशेजारी ठेवला.

म्हटलं, "सर, प्रभूनं दगा देणाऱ्या यहूदाला पण वेगळा प्याला दिला नव्हता."

एक बाई खोकली. सर म्हणाले, "काका, भोजनानंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? भोजनातच तर वेगळं काढलं."

प्याला त्यांच्या हातातच राहिला. पुढं आला नाही. मी वाट बघितली. मग म्हटलं, "भिंतीवरचं पुसा. मधी ख्रिस्त नाही इथं. मधी तुमची खुर्ची आहे."

दारामागच्या तक्त्यापाशी गेलो. तिथं दोऱ्यानं पेन बांधलेलं असतं. माझं नाव जिथं जिथं होतं तिथं काट मारली. एकच ठेवलं, माझ्या खऱ्या पाळीचं. पुढच्या रविवारच्या रकान्यात सरांचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. चालतंय.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला. सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिली. उतरायच्या आधी मुलगा म्हणाला, "आबा, ते माझे बॉस आहेत. फोन करा, सॉरी म्हणा."

"नाही म्हणणार."

"मग पुढच्या रविवारी आपण नको जायला."

"तू नको जाऊस. मला गाडीचा नंबर पाठ आहे."

माझ्या मुलावर राग आहे माझा. त्याला नोकरी सांभाळायची आहे, कळतं मला. पण त्याच्या पणजोबाकडं नोकरी नव्हती, घर नव्हतं, पायात वहाण नव्हती. तरी त्यानं आपला घोट सांभाळला.

रविवारी मी जाणार. पहिल्या ओळीत बसणार. माझी पाळी आली की संडास घासणार, नीट, कोपऱ्यापर्यंत. आणि माझी पाळी आली की त्याच प्याल्याला तोंड लावणार. माझ्यावरून तो परत पलीकडं नेला, तर मी परत उठणार. दर रविवारी उठणार.