सतरा नंबरची नोंद

टेकाडाचा निम्मा चढ चढून झाल्यावर मोजणीमामा थांबले. "दम लागला म्हणून थांबलो असं समजू नका, ताई. तुमच्या चपलांची दया आली."

ताई हसली, पण काखेतली फाईल तिला मोकळं हसू देईना. ती विद्यापीठाच्या कचेरीत टायपिस्ट. गेल्या चार दिवसांत तिने मामांबरोबर चाळीस विहिरी पायी पालथ्या घातल्या होत्या. आता एकच उरली होती, सतरा नंबरची. सगळ्यांत लांबची म्हणून मामांनी शेवटी ठेवलेली.

एवढी पायपीट कायद्यापायी चालली होती. विद्यापीठात पाण्याच्या संशोधनाची संस्था निघणार होती, आणि तीही नुसत्या ठरावाने नाही, तर विधिमंडळात कायदा होऊन. विधेयकाला एक परिशिष्ट जोडायचं होतं. त्यात मामा महिन्याच्या महिन्याला मोजत त्या एक्केचाळीस विहिरी आणि प्रत्येकीपुढे पाण्याची पातळी. जिला पाणी आहे तिच्यापासून शंभर फुटांत बांधकाम करायचं नाही, असं कलमच होतं. प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या हव्या होत्या, मोजणाऱ्याची आणि कचेरीची. परिशिष्ट उद्या सकाळी छापायला जाणार होतं.

मामा नोकरीला लागले ते तीन महिन्यांसाठी, मोजणीच्या साहेबांची टेप-खडूची पेटी उचलायला. साहेब बदलून गेले, पेटी मामांकडेच राहिली, त्याला एकतीस वर्षं झाली. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा. खडू भिजला असेल तिथवर पाणी. झालं काम. "एवढंच काम जन्मभर करणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर बिनडोक," असं कुलसचिव एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. मामा ते स्वतःच सगळ्यांना सांगत आणि पुढे जोडत, "संतांना पेन्शन नसते. म्हणजे मी कोण ते कळलं."

बायकोबद्दलही ते असेच बोलायचे. "ती म्हणायची, मला एक्केचाळीस सवती. एकीच्याही झिंज्या उपटता येत नाहीत."

चढ संपला तसा त्यांचा आवाज उतरला. "ताई, मी एकदा चुकलोय. कुणाला बोललो नाही."

"काय झालं होतं, मामा?"

"ही आजारी होती तेव्हाची गोष्ट. तीन महिने दवाखान्यातच बसून होतो. बाकीच्या विहिरी धावतपळत उरकल्या, पण सतरा नंबरला यायला-जायला अर्धा दिवस जातो. म्हटलं, इथं पाणी नेहमी सहा मीटरवर असतं, कोण बघायला येतंय? तिच्या उशाशी बसून आकडे ठोकून दिले. पहिल्या महिन्याला साडेसहा, दुसऱ्याला सात. तिसऱ्या महिन्याला डोकं ठिकाणावर नव्हतं. समोर खाटेचा नंबर दिसत होता नऊ, तोच उतरवला."

"आणि मग?"

"ती गेली. दिवसवार झाल्यावर इथं आलो, टेप सोडला. नऊ मीटर. वरखाली बोटभरही नाही. खालच्या गल्लीतल्या बायका माझ्या अंगावर आल्या. म्हणाल्या, तीन महिने पाणी खाली खाली चाललंय आणि तुम्ही होता कुठं? आत वाकून बघितलं तर दगडांवर पाण्याच्या रेघा. एक साडेसहावर, एक सातवर."

ताईच्या हातावर काटा आला. "योगायोग असेल हो."

"मीही तेच म्हणत आलोय. पाणी जागेवर यायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून न मोजलेला आकडा मी कागदावर टेकवलेला नाही. भीती वाटते, ताई. ती विहीर लिहिलेलं वाचते."

ताईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आज दुपारी बाराला, निघायच्या आधी, कुलसचिवांनी तिला आत बोलावलं होतं. संस्थेची इमारत जिथे व्हायची ती जागा सतरा नंबरच्या विहिरीला लागूनच होती. "सतराव्या ओळीत 'कोरडी' टाका," ते म्हणाले होते. "मोजमाप काय, होत राहील. नाहीतर पाण्याची संस्था पाण्यापायीच अडायची." ती म्हणाली होती, "सर, अजून बघितली नाही." तर ते हसून म्हणाले होते, "मग टाईप करून झालं की बघून या." तिने टाईप केलं होतं. खाली कचेरीची सहीसुद्धा केली होती. मामांच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती.

वळण घेतल्यावर विहीर दिसली. रहाट थांबलेला. काठावर सातआठ बायका रिकाम्या बादल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द नाही. एवढ्या बायका एका जागी गप्प बसलेल्या ताईने कधी पाहिल्या नव्हत्या.

"मामा, बादली रिकामी येतेय," त्यातली एक थोराड बाई म्हणाली.

"कधीपासून?"

"जेवायच्या वेळेपासून. मी दोर ओढत होते. भरलेली बादली अर्ध्यात एकदम हलकी झाली. बघते तर आत थेंब नाही. फुटलेली नाही, काही नाही."

मामांनी खडू फासला आणि टेप सोडला. तळाला टेकल्याचा टणक आवाज आला. वर ओढला तर खडू कोरा. पुन्हा फासला, पुन्हा सोडला. पुन्हा कोरा.

ताई काठावरून वाकली. आतून कोमट हवा वर येत होती, तोंडावर कुणी श्वास सोडावा तशी. सहा मीटरच्या खालचे दगड ओलेगच्च होते, त्यांवरून पाणी निथळत होतं. थेंब सुटताना दिसत होते, पण खाली पडल्याचा आवाज येत नव्हता. तिने कान देऊन ऐकलं. एकही नाही.

मामा टेप गुंडाळून तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच तिला सोसेना.

"फाईल उघडा, ताई."

तिने उघडली. सतरावी ओळ त्यांनी सावकाश वाचली.

"किती वाजता?"

"बाराला." ती म्हणाली. "मामा, मी खोटं लिहिलं."

"खोटं कुठं राहिलंय आता?" ते टेपकडे बघत म्हणाले. "मोजून घ्या. मला इथं सही करता येईल. नियमाने ही नोंद आता बरोबर आहे."

मागून कुणीतरी विचारलं, "मामा, येईल ना पाणी परत?" ते काठावर बसले, खिशातून पेन काढलं, 'कोरडी'वर आडवी रेघ मारली आणि पेन ताईपुढे धरलं.

"मी लिहून बघितलं असतं," ते म्हणाले, "पण कायद्याच्या कागदावर कचेरीचं अक्षर लागतं. एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. सहा मीटर लिहा. न मोजता लिहा, ताई."